आठ दिवसांत व्हिएतनाम: हनोईची बाजू की दा नांगची?

व्हिएतनामचा नकाशा एकदा नीट बघा. उत्तरेच्या हनोईहून दक्षिणेच्या सायगावपर्यंत (म्हणजे आजचं हो ची मिन्ह शहर) रेल्वेचा रूळ 1,726 किलोमीटरचा आहे आणि गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. आठ दिवसांत 'संपूर्ण व्हिएतनाम' दाखवणाऱ्या सहलीत माणूस मुख्यतः विमानतळ बघून येतो. म्हणून एकच बाजू निवडावी, या मताचा मी आहे. उत्तरेला हनोई, हा लाँगचा उपसागर आणि निन्ह बिन्ह. मध्यावर दा नांग, होई आन आणि ह्यू. सायगाव मी या हिशेबात धरलेलंच नाही. पहिल्या फेरीत ते राहिलं तर फारसं काही बिघडत नाही.

कुठली बाजू, हे बहुतेक घरांत फोटो बघून ठरतं. सोनेरी पुलाखाली दगडी वाटणारे दोन हात दिसले की दा नांग, हिरव्या पाण्यातले डोंगर दिसले की हा लाँग. आम्हीही तसंच केलं होतं आणि दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, होई आनला जाऊन पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरून खाली बघतो तर मालकीणबाई आपली स्कूटर पायऱ्यांवर चढवत होत्या. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीही नाही. आपण वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत तसा कारभार. पुढे पाणी ओसरल्यावर गावातलं तान की हे जुनं व्यापाऱ्याचं घर बघितलं, तेव्हा उलगडा झाला. भिंतीवर पुराच्या रेघा आणि त्यांची सालं लिहून ठेवली आहेत, सगळ्यात उंच रेघांमध्ये 1964 ची एक. वरच्या मजल्याच्या जमिनीत चौकोनी झडप आहे, पाणी आलं की माल दोरीनं वर ओढायचा. ज्या गावानं घरं बांधतानाच पुराची सोय केली, तिथे आम्ही ऐन पुराच्या महिन्यात गेलो होतो.

कारण साधं आहे. आपल्याकडे नैऋत्येचा पाऊस संपतो तेव्हा ईशान्येचा वारा सुरू होतो. चेन्नईला दिवाळीच्या सुमारास पाऊस पडतो ना, तसाच तो दा नांग-ह्यूच्या किनाऱ्यावर येऊन मागच्या डोंगररांगेला आदळतो. सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस ह्यू आणि होई आन दोन्ही पाण्याखाली होती. याच काळात हनोईत मात्र हवा कोरडी आणि गार व्हायला लागते, वर्षातले तिथले सर्वांत चांगले दिवस ते हेच.

मे महिन्यात पारडं फिरतं. हनोईत तेव्हा उकाडा असा की ठाण्याचा मे बरा वाटावा, आणि वर वळवासारख्या सरी. दा नांगलाही ऊन कडक असतं, पण समुद्र शांत, पाऊस कमी, संध्याकाळी वारा. म्हणजे दिवाळीची सुट्टी असेल तर हनोई, मे महिन्याची असेल तर दा नांग. पुढचं सगळं याच्यानंतर. मेच्या बाबतीत एक सांभाळा: 30 एप्रिल आणि 1 मे या त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या आठवड्यात अख्खा देश समुद्रावर लोटतो आणि हॉटेलांचे भाव चढतात. 5 मेनंतर जा. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर हनोईत स्वेटर लागतो, आकाश बऱ्याचदा करडं आणि हवाही धुरकट, पण पाऊस नडत नाही.

आता काय मिळतं ते.

हनोईची बाजू ही फिरणाऱ्यांची. जुन्या शहरातल्या गल्ल्या धंद्यांच्या नावाच्या आहेत, पुण्यातल्या बोहरी आळी, तांबट आळीसारख्या. कुठे रेशीम, कुठे पत्र्याचं काम, कुठे पूजेचा कागदी माल. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, म्हणून चालायचं रस्त्यावरून. रस्ता ओलांडायची रीत अशी, की थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. एका चालीनं सरळ जायचं, स्कूटरवाले आपल्याला वळसा घालतात. हो ची मिन्ह यांच्या समाधीला सोमवारी आणि शुक्रवारी आत सोडत नाहीत, तेवढं आधी बघा. हा लाँग हनोईहून गाडीनं अडीच-तीन तासांवर. बोटीवर एक रात्र राहणार असाल तरच जा. एका दिवसात जाऊन-येऊन करणं म्हणजे सहा तास गाडी आणि चार तास बोट. रात्रीचं पॅकेज माणशी दहा हजार रुपयांपासून वर कितीही. गर्दी नको असेल तर शेजारच्या लान हा उपसागरातली बोट घ्या, डोंगर तसेच आहेत. मात्र वादळाचा इशारा आला की बंदरातून बोटी सोडत नाहीत, म्हणून हा भाग सहलीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

खरं सांगायचं तर मला हा लाँगपेक्षा निन्ह बिन्ह जास्त आवडलं. तेच चुनखडीचे डोंगर, फक्त खाली समुद्राऐवजी नदी आणि भातशेती. चांग आनला 250,000 डोंगचं तिकीट काढून वल्ह्याच्या होडीत बसायचं, जवळजवळ तीन तास, गुहांमधून मान खाली घालून. शेजारच्या ताम कोकला नावाडी बाया मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात. उत्तरेतल्या डोंगरांत 'सा पा' नावाचं गाव आहे, त्याचा मोह मात्र दिवाळीत आवरा. फोटोतल्या भाताच्या त्या पिवळ्या पायऱ्या सप्टेंबरातल्या. दिवाळीपर्यंत कापणी होऊन चिखल उरलेला असतो.

दा नांगची बाजू ही बसणाऱ्यांची, आणि हे मी तुच्छतेनं म्हणत नाही. आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर हीच. विमानतळ शहरातच, हॉटेल समुद्रासमोर, होई आन तीस किलोमीटरवर आणि सपाट. हनोईच्या बाजूला गुडघ्यांची परीक्षा पदोपदी: निन्ह बिन्हमधल्या हांग मुआ टेकडीच्या पाचशे पायऱ्या, हा लाँगच्या गुहांचे चढउतार, होडीतली बुटकी फळी. इकडे बा ना हिल्स या डोंगरावर जायला केबल कार आहे. फोटोतला हातांचा तो पूल तिथलाच, 2018 मध्ये उघडला. तिकीट नऊ-दहा लाख डोंगच्या घरात, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास. पहिल्या केबल कारनं गेलात तर फोटो मिळतो, अकरानंतर फक्त लोकांची डोकी. वर बांधलेलं नकली फ्रेंच गाव मला अगदीच लग्नाच्या सेटसारखं वाटलं. लहान मुलं मात्र तिथून हलायला तयार नव्हती.

त्याच पैशांत मी दोनदा 'मी सन' (My Son) या जुन्या देवळांच्या जागी जाईन. जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं, देव भद्रेश्वर, सुरुवात चौथ्या शतकातली. 1969 मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत सगळ्यात मोठं मंदिर गेलं. उरलेल्यांपैकी काहींची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं केली, आणि ते काम चालू असतानाच 2020 च्या मे महिन्यात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर विटा तापतात.

होई आनचं आणखी एक. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, जुन्या गावात दिवे मालवून नदीत कागदी कंदील सोडतात. त्रिपुरारी पौर्णिमेचा घाट आठवतो. कपडे शिवून घ्यायचे असतील तर पोचल्याच्या दिवशीच शिंप्याकडे माप द्या. दोनदा घालून बघायला दोन-तीन रात्री लागतातच.

शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. शाकाहाराला तिकडे 'चाय' म्हणतात (चहा नव्हे), आणि 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी. नुसतं 'नो मीट' म्हटलंत तर भाजीवर माशाचा सॉस येतो, कारण न्युओक माम त्यांच्या लेखी मीठच. पाटीवर 'चाय' लिहिलेलं दुकान शोधा. बौद्ध लोक अमावास्येला आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशी ताटं जास्त मिळतात. या बाबतीत मध्याची बाजू सरस, कारण ह्यूमध्ये मठांमुळे शाकाहारी स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. हनोईत मिळतं, पण शोधावं लागतं. बोटीवर आधी लेखी कळवलं नाही तर भात आणि परतलेला पालक. भारतीय हॉटेलं दोन्हीकडे आहेत. मासे खाणाऱ्यांना हा प्रश्नच नाही, ते दोन्हीकडे सुखी.

पैशांचा हिशेब एकच: तीन शून्यं उडवा आणि साडेतीननं गुणा. 40,000 डोंगची अंडा कॉफी म्हणजे 140 रुपये. वीस हजाराची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात टॅक्सीत बसून देताना शून्यं मोजा. त्यापेक्षा ग्रॅब हे टॅक्सीचं अ‍ॅप वापरा, भाडं आधीच दिसतं. स्कूटर भाड्यानं सहज मिळते, पण आपल्याकडचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच विचारते.

मुंबईहून हनोईला थेट विमान मिळतं. दा नांगचं त्या महिन्यात थेट आहे का ते बघा, नसेल तर हनोईला उतरून पुढे सव्वा तासाचं विमान. सगळ्यांच्या आधी हेच ठरवा, कारण ई-व्हिसाच्या अर्जात कुठल्या विमानतळावर उतरणार ते लिहावं लागतं. फी 25 डॉलर, तीही सरकारी संकेतस्थळावरच भरा. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लिहा. आमच्या अर्जात मधलं नाव राहिलं होतं. दुसऱ्यांदा पैसे भरून नवा अर्ज करावा लागला, आणि व्हिसा हातात आला तो निघायच्या आदल्या संध्याकाळी.