मादाम द पॉम्पादूर, म्युनिक: चेहरा सोडा, टेबल बघा

म्युनिकला आलेली आपली मंडळी मारियनप्लाट्झ आणि बीएमडब्ल्यूचं म्युझियम उरकतात, आल्टे पिनाकोथेक या चित्रांच्या म्युझियमला गेलीच तर ड्यूररच्या सेल्फ पोर्ट्रेटसमोर फोटो काढून बाहेर. तसं करू नका, फ्रेंच चित्रांकडे जा आणि फ्रेंच चित्रकार बुशेने 1756 मध्ये काढलेली मादाम द पॉम्पादूर, म्हणजे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची गाजलेली मैत्रीण, नीट बघा. दोन मीटरहून उंच कॅनव्हास आहे, मोबाइलवर त्याचा अंदाजच येत नाही.

आधी दिसतो तो ड्रेस. निळसर हिरवं रेशीम, त्यावर जिकडे तिकडे गुलाबी फुलं, छातीवरून खाली उतरत जाणाऱ्या रिबिनींच्या गाठी, कोपरापाशी लेसच्या झालरी, आणि घेर एवढा की बाई कोचावर बसलीये की ड्रेसवरच, कळायला मार्ग नाही. जवळून बघितलं तर रेशमाची चमक म्हणजे नुसते ब्रशचे फटकारे, दोन पावलं मागे या की कापड सळसळायला लागतं. इथे बुशे बाप माणूस आहे.

चेहरा मात्र, खरं सांगू का, शोकेसमधल्या बाहुलीचा वाटतो. बाई पस्तिशीला टेकलेली, दरबारातलं राजकारण कोळून प्यायलेली, आणि तोंडावर त्यातलं काही औषधालाही नाही. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये ला तूर या चित्रकाराने पेस्टलमध्ये (रंगीत खडूंनी) केलेलं तिचं 1755 चं पोर्ट्रेट आहे, त्यात निदान कोणीतरी समोर बसून विचार करतंय असं वाटतं.

तरी मी पाचपैकी साडेचार देतेय, ते त्या बाजूच्या छोट्या टेबलासाठी. ड्रॉवर उघडा, त्यात पीस खुपसलेलं, वर मेणबत्ती आणि लाखेचा शिक्का, म्हणजे पत्र आत्ताच लिहून झालंय. हातात पुस्तक, मागच्या आरशात पुस्तकांनी भरलेलं कपाट, पायाशी तिची कुत्री मिमी. राजा कुठेच नाही! मुद्दा तोच आहे. पंधराव्या लुईशी तिचं शरीरसंबंधांचं प्रकरण काही वर्षांपूर्वीच संपलेलं, पण सल्ला, वशिला, नेमणुका सगळं तिच्याकडूनच जायचं, आणि याच 1756 मध्ये तिला राणीच्या सेवेतलं मानाचं पद मिळालं. घरची सरदारकी वगैरे काही नाही बरं का, जन्माने ती पॅरिसच्या सामान्य घरातली झान आंत्वानेत प्वासाँ, मार्कीझ हा किताब राजाने दिलेला. म्हणून हे चित्र म्हणजे चक्क पीआर आहे, लोकहो मी वाचते, मी लिहिते, कामं माझ्या हातून होतात, आणि 1757 च्या पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, ते सगळ्यांना दाखवलं पण.

गंमत म्हणजे बुशेचंच 1752 चं पालथी पडलेली उघडी मुलगी हे चित्रही याच म्युझियमच्या संग्रहात आहे. ती लुईची दुसरी एक मैत्रीण, लुईझ ओ'मर्फी, असं मानलं जातं. चित्रकार तोच, राजा तोच, पण तिला ना कपडे ना पुस्तक. दोन्ही एकाच फेरीत बघाच.

सोमवारी बंद असतं, रविवारी तिकीट फक्त 1 युरो. मोठी बॅग लॉकरमध्ये ठेवावी लागते, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी मिमी शोधायला लावा, तेवढ्यात तुमचं टेबल बघून होतं.