लिंकनच्या काळातली चिठ्ठी की मंडेलांची मतपत्रिका?

निवडणुकांचे जुने कागद जमवायला लागलेल्या माणसाने हे दोन नमुने एकदा शेजारी ठेवून बघावेत.

पहिला नमुना १८६४ च्या अमेरिकेतला. तेव्हा मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत आणि मतदार ती चिठ्ठी पेटीत टाकी. राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकन आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जॉन्सन या जोडीच्या काही चिठ्ठ्यांवर गरुड, झेंडे आणि खाली राज्यातल्या निर्वाचकांची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची, नावं दिसतात. छपाई देखणी, पण गुप्तता जवळपास नाहीच. मात्र वाटप उघड असल्यामुळे न वापरलेल्या चिठ्ठ्या लोकांकडे राहिल्या आणि आजही विकत मिळतात.

दुसरी, दक्षिण आफ्रिकेची १९९४ ची मतपत्रिका, म्हणजे सर्व वर्णांच्या लोकांनी मतदान केलेल्या तिथल्या पहिल्या निवडणुकीची. राष्ट्रीय मतपत्रिकेवर १९ पक्ष, प्रत्येकाचं चिन्ह आणि नेत्याचा फोटो. मंडेला आणि गोऱ्यांच्या राजवटीचे शेवटचे अध्यक्ष डी क्लर्क एकाच कागदावर! मंडेलांच्या पक्षाशी रक्तरंजित संघर्ष चाललेल्या, मुख्यतः झुलू लोकांच्या इन्काथा पक्षाने मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना निवडणूक लढवायचं ठरवलं. तोवर छपाई झाली होती, म्हणून त्याची पट्टी तळाशी चिकटवावी लागली. ती अरुंद पट्टी बघताना मला आजही गलबलून येतं. किती रक्त सांडल्यावर तो पक्ष त्या कागदावर आला होता!

घेताना पट्टीच्या कडेवरून बोट फिरवा. ती कागदासोबतच छापलेली असेल, तर प्रत नंतर छापलेली असू शकते. आणि फुली मारलेली मतपत्रिका कुणी विकत असेल तर हात लावू नका, ते कुणाचं तरी गुप्त मत आहे.

एकच घ्यायची असेल, तर मी १९९४ ची घेईन.