नऊ महिने डीसीएमविना: वेर्ण्याच्या लॅबमधून

गोव्यात वेर्ण्याला एका लहानशा रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. मागच्या ऑक्टोबरात आम्ही डीसीएम (डायक्लोरोमिथेन) आणि हेक्झेन ही घातक सॉल्व्हंट्स, म्हणजे पदार्थ विरघळवायचे द्रव, जमेल तिथून काढायचं ठरवलं. जुलै संपत आला, आता लिहायला हरकत नाही.

खरं निमित्त त्याआधीच्या मे महिन्याचं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बंद पडला म्हणून रोटाच्या, म्हणजे सॉल्व्हंट उडवून परत गोळा करणाऱ्या यंत्राच्या, कंडेन्सरला नळाचं पाणी जोडलं. टाकी गच्चीवर, पाणी हाताला कोमट. डीसीएम 40 अंशांनाच उकळतं. अर्धा लिटर उडवलं, रिसीव्हरमध्ये जेमतेम शंभर मिली. बाकीचं पंपातून हवेत, थोडं आमच्या नाकात.

मिश्रणातले पदार्थ वेगळे करायच्या कॉलमला आता एथिल अ‍ॅसिटेट आणि इथेनॉल 3:1, ते हेक्झेनच्या जागी आलेल्या हेप्टेनमध्ये वाढवत नेते. टीएलसीचे (वेगळं होतंय का ते पाहायच्या छोट्या पट्टीवरचे) ठिपके जुळवायला आठवडा गेला, पण आधीच्या डीसीएम-मिथेनॉलची आठवण येत नाही. जोरदार बेस (अल्कली) असेल तिथे मात्र एथिल अ‍ॅसिटेट नको, ते स्वतःच फुटतं.

सगळ्यात आवडलं 2-मिथाइल टीएचएफ. दाणे काढलेली मक्याची कणसं, उसाची चिपाडं यांपासून मिळणाऱ्या फरफ्युरल नावाच्या द्रवापासून बनतं. साधं टीएचएफ पाण्यात पूर्ण मिसळतं. हे पाण्यापासून वेगळा थर करतं, म्हणून रिअ‍ॅक्शन आणि वर्कअप (नंतर पाण्याने धुऊन माल वेगळा करणं) एकाच सॉल्व्हंटमध्ये उरकतं. फक्त थर वर येतो! डीसीएम पाण्याहून जड, त्यामुळे हाताला खालचा थर जपायची सवय. पहिल्याच आठवड्यात खालचं पाणी जपून ठेवलं आणि माल वेस्टच्या कॅनमध्ये ओतला. संध्याकाळी तोच कॅन उपसत बसले. लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "आता फनेलवर बाण काढ." काढलाय, अजून आहे. हे सॉल्व्हंट महागही आहे, आणि ठेवून दिलं की त्यात स्फोटक पेरॉक्साइड होतं, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख आणि वापरण्याआधी पट्टीची चाचणी.

हेप्टेनबद्दल तक्रार आहे. हेक्झेन शरीरात गेल्यावर मज्जातंतूंना मारक पदार्थ तयार होतो, तो धोका हेप्टेनचा फारच कमी. पण उकळायला 69 ऐवजी 98 अंश, रोटावर ताटकळणं आलं. शिवाय सॉल्व्हंट निवडीच्या 2016 च्या केम-ट्वेंटीवन (CHEM21) मार्गदर्शिकेत हेप्टेनही 'प्रॉब्लेमॅटिक' गटातच आहे. बाटलीवर हिरवं पान छापलेलं पाहून हुरळू नका.

एका अमाइडसाठी मात्र डीसीएमची बाटली कपाटात ठेवलीच आहे. बाकी कशातही ते अमाइड विरघळत नाही, फ्लास्कच्या तळाशी डिंकासारखं चिकटून बसतं. ते काम चिलर चालू असतानाच करते.