गूगल स्कॉलर प्रोफाइल: आकडा आयता, निवडणं-पाखडणं तुमचं

वैद्यकीय संशोधकाला आपले पेपर आणि त्यांची सायटेशन (म्हणजे दुसऱ्या लेखनात आलेले त्यांचे दाखले) एका जागी बघायची असतील, तर गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावरच्या प्रोफाइलइतकी सोपी सोय दुसरी नाही. पैसे पडत नाहीत, सदस्यत्व लागत नाही. संस्थेचा ईमेल पडताळला की पान तयार. खरं काम त्यानंतरचं, आणि ते बहुतेक जण टाळतात.

पहिला घोळ नावाचा. वैद्यकीय जर्नलांत बहुधा आडनाव आणि आद्याक्षरंच छापतात. प्रोफाइल बनवताना स्कॉलर पेपरांचे गठ्ठे पुढे करतो. अख्ख्या गठ्ठ्यावर टिक करू नका, आत डोकावून बघा. हृदयरोगतज्ज्ञाच्या यादीत मातीच्या पोताचे पेपर शिरतात ते इथूनच. 'आपोआप भर घाला' ही सेटिंग बदलून 'आधी ईमेलने विचारा' करून टाका, नाहीतर नावबंधूंची आवक चालूच राहते.

दुसरा घोळ जोडनोंदींचा. एकच काम आधी मेडआर्काइव्ह या साइटवर प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या छाननीआधीचा मसुदा) म्हणून येतं, मग जर्नलात, आणि स्कॉलर कधीकधी दोन्ही वेगळे धरतो. समजा पाच पेपरांना ४८, २१, ९, ४ आणि ३ सायटेशन आहेत. एच-इंडेक्स ४, म्हणजे किमान ४ सायटेशन असलेले ४ पेपर. आता चौथ्या पेपरची नोंद फुटून ३ आणि १ अशी झाली, तर एच-इंडेक्स ३ वर घसरतो. काम तेच, नोंद फुटकी. उपाय सोपा: दोन्हींवर टिक, मग 'मर्ज', आणि जर्नलाची नोंद मुख्य म्हणून निवडायची. नंतर आकड्याशेजारी चांदणी दिसली तर घाबरू नका. प्रोफाइलमधल्या नोंदीशी तंतोतंत न जुळणाऱ्या नोंदींची सायटेशनही त्यात धरली आहेत, एवढाच तिचा अर्थ. परिषदेच्या पुरवणीत छापलेला गोषवारा मात्र पूर्ण पेपरात मिसळू नये. ते वेगळं प्रकाशन आहे, आणि छाननी करणाऱ्याला ही सरमिसळ लगेच दिसते.

आकडा फुगतो कसा, तेही बघा. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, संस्थांच्या साइटवरच्या पीडीएफ असं बरंच काही मोजतो, म्हणून त्याचा आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या सूचींपेक्षा सहसा मोठा असतो. ही चाळणी किती सैल आहे, ते फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी २०१० साली दाखवलं: यंत्राने रचलेले निरर्थक पेपर एकमेकांना जोडून त्यांनी 'आयक अँटकेर' नावाचा काल्पनिक शास्त्रज्ञ थेट वरच्या रांगेत बसवला. स्वतःच्याच पेपरांनी दिलेली सायटेशन वगळायची सोयही इथे नाही. स्कोपसमध्ये ती आहे. मागे घेतलेला पेपरही यादीत सायटेशन गोळा करत राहू शकतो. त्याची खात्री पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या मोफत सूचीवर करावी, तिथे तशी सूचना ठळक दिसते.

आय-टेन इंडेक्स म्हणजे किमान दहा सायटेशन असलेल्या पेपरांची संख्या. स्कॉलरबाहेर तिला फारसं कोणी विचारत नाही. एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. पेपर लिहिणं थांबलं तरी तो चढू शकतो, म्हणून अलीकडच्या वर्षांचा दुसरा रकाना वाचा. वैद्यकीय क्षेत्रातली मोठी उणीव वेगळीच: मोठ्या चाचणीच्या पेपरात चाळिसाव्या क्रमांकावर असलेल्या लेखकाला पहिल्याइतकंच माप मिळतं. पहिला आणि शेवटचा लेखक असलेले पेपर हाताने वेगळे मोजावे लागतात. विषयानुसार तुलना हवी असेल, तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं मोफत आयसाइट हे साधन वापरा. पबमेड क्रमांक टाकले की ते प्रत्येक पेपरचं सापेक्ष माप देतं. पुरेशी सायटेशन जमली नसतील, तर अगदी नव्या पेपरला माप मिळेलच असं नाही.

एकूण मत असं: पेपर गोळा करायला आणि नवं सायटेशन कुठून आलं ते कळायला स्कॉलर उत्तम, पण बढतीच्या किंवा अनुदानाच्या अर्जात एकटा त्याचाच आकडा देऊ नका. स्कोपसचाही द्या, आणि प्रत्येक आकड्यापुढे स्रोत व तारीख लिहा, कारण पुढच्या महिन्यात तो बदललेला असेल. त्याच दिवशी यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत) उतरवून अर्जाच्या फोल्डरमध्ये ठेवा.