सागरी तापमान: जहाजांच्या जुन्या नोंदी आणि आर्गोचे फ्लोट

समुद्र किती तापला हे ठरवताना अभ्यासकांपुढे दोन साधने असतात: जहाजांच्या जुन्या नोंदवह्या आणि २००० च्या सुमारास सुरू झालेल्या आर्गो या आंतरराष्ट्रीय सागर-निरीक्षण प्रकल्पाचे स्वयंचलित फ्लोट, म्हणजे पाण्यात वर-खाली होत मोजमाप करणारी तरंगती यंत्रे. आर्गोचे जवळपास ४,००० फ्लोट साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंतचे तापमान आणि क्षारता मोजून उपग्रहामार्फत पाठवतात. अचूकतेत जुन्या नोंदी त्यांच्या जवळपासही येत नाहीत.

नोंदवह्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. कॅनव्हासच्या बादलीने वर काढलेले पाणी तापमान मोजेपर्यंत बाष्पीभवनाने थंड होई, तर पुढे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेले पाणी मोजू लागल्यावर आकडे किंचित वाढीव येऊ लागले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या पद्धतींचे प्रमाण अचानक बदलल्याने मूळ आलेखात खोटा चढ दिसतो. शिवाय नोंदी जलमार्गांपुरत्याच असल्याने दक्षिण महासागर बराचसा कोरा राहतो.

तरीही माझ्या मते या वह्यांना पर्याय नाही, कारण केवळ दोन-अडीच दशकांच्या मोजमापांतून नैसर्गिक चढउतार आणि दीर्घकालीन तापमानवाढ वेगळी काढणे कठीण जाते. १८७२ ते १८७६ दरम्यान ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने घेतलेल्या खोल पाण्यातील नोंदी आर्गोशी ताडून पाहिल्यावरच समुद्रातील उष्णता शतकाहून अधिक काळ वाढत असल्याचे थेट मोजमापांतून दिसले.