लग्नाच्या डीव्हीडी मोबाइलवर आणायच्या आहेत : घरी करायचं की दुकानात द्यायचं?

धाकट्या आत्याचं लग्न २००६ साली नाशिकच्या पंचवटीतल्या एका कार्यालयात झालं. त्याच्या तीन डीव्हीडी आईने कपाटात, साड्यांच्या घडीत जपून ठेवल्या होत्या. गेल्या दिवाळीत सगळे जमलो म्हणून लावल्या. पहिल्या दोन सुरळीत चालल्या. तिसरी पाठवणीपर्यंत आली, आत्या आजीच्या गळ्यात पडली आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन सगळं थांबलं. आजी आता नाही. तेवढी दोन मिनिटं परत मिळावीत म्हणून पुढचे तीन आठवडे मी या कामामागे लागले. तुमच्याही कपाटात अशा डिस्क असतील तर त्यातून जे हाती आलं ते सांगते.

डिस्क पाठवणीलाच का अडते, हे आधी समजून घ्या. डीव्हीडीवरचं लेखन मधल्या भोकाजवळून सुरू होतं आणि कडेकडे सरकतं. डिस्क गच्च भरलेली असेल तर शेवटचा भाग अगदी कडेला येतो. बोटांचे ठसे, ओरखडे, ओल यांचा मार कडेलाच जास्त बसतो. त्यात तेव्हाचे व्हिडिओवाले वरून नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर चिकटवत. त्याने डिस्कचा तोल जातो, किंचित बाकही येतो आणि ड्राइव्हला कडेचा भाग नीट वाचता येत नाही. स्टिकर सोलायचा मोह होतो, पण सोलू नका, डिस्कचे थर सुटू शकतात. मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. टूथपेस्ट वगैरे उपाय तर अजिबात नकोत.

आता पर्याय. बहुतेक जण हँडब्रेक या संगणकावरच्या, व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या प्रोग्रामपासून सुरुवात करतात. तो फुकट आहे, चांगला आहे आणि थेट मोबाइलवर चालणारी एमपी४ फाइल देतो. दोन तासांची डिस्क दीड-दोन जीबीच्या आसपास बसते. धडधाकट डिस्कसाठी एवढं पुरे. पण ‘नो व्हॅलिड सोर्स’ असा संदेश आला तर सेटिंग चाळत बसू नका. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कवर कुलूप असतं आणि हँडब्रेक ते स्वतः उघडत नाही. घरच्या लग्नाच्या डिस्कवर असं कुलूप नसतं, म्हणजे दोष डिस्कमध्ये किंवा ड्राइव्हमध्ये आहे. डिस्क ८ सेंटिमीटरची, हँडीकॅममधली असेल तर ती बहुधा ‘फायनलाइज’च केलेली नसते, म्हणजे दुसऱ्या यंत्रात वाचता यावी म्हणून रेकॉर्डिंग शेवटी बंद करतात तेच राहिलेलं असतं, म्हणून संगणकाला कोरी दिसते. तो कॅमेरा घरात असेल तर त्यातच फायनलाइज करा. अशी छोटी डिस्क आत ओढून घेणाऱ्या फटीच्या ड्राइव्हमध्ये मात्र घालू नका, अडकते.

दुसरा प्रोग्राम मेकएमकेव्ही. तो चित्राला हात न लावता आहे तसं एका फाइलमध्ये आणतो. दर्जा जराही कमी होत नाही, पण ४ जीबीची डिस्क ४ जीबीच राहते आणि ती फाइल सगळ्याच टीव्ही-मोबाइलवर चालते असं नाही. शिवाय डिस्क मधेच वाचता आली नाही की तो सहसा काम सोडून देतो. आमच्या तिसऱ्या डिस्कने त्याला दोनदा परत पाठवलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : डिस्क जुनी असेल तर रूपांतर नंतर, आधी तिची जशीच्या तशी आयएसओ प्रत, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलीत, काढा. फाइल कितीदाही बदलता येते, डिस्क मात्र दरवेळी वाचू देईलच असं नाही. लिनक्सवर यासाठी डीडीरेस्क्यू आहे, विंडोजवर आयसोबस्टर. डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग पटापट उचलतो, अवघड जागा बाजूला ठेवतो आणि मग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका फाइलीत ठेवतो. त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेलं काम पुढे नेता येतं. माझ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हने शेवटचा तुकडा सोडला होता. सिडकोत मामांकडे जुना डेस्कटॉप आहे, त्याच्या ड्राइव्हने रात्रभरात त्यातला बहुतेक भाग वाचला. पाठवणीत आता दोन-तीन सेकंद चौकोन दिसतात. आजीचं “पोचलीस की फोन कर गं” मात्र अख्खं ऐकू येतं.

डिस्कवरच्या व्हीओबी फाइली, म्हणजे ज्यांत चित्र आणि आवाज असतो त्या, सुट्या सुट्या बदलू नका. प्रत्येक फाइल १ जीबीला तुटते, मंगलाष्टकं मधेच कापली जातात आणि आवाज ओठांच्या मागेपुढे होतो. हँडब्रेकला अख्खी आयएसओ किंवा अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर दाखवा.

दुकानाचा अनुभवही सांगते, कारण पहिली डिस्क मी आधी दुकानातच दिली होती. ‘एचडी करून देतो’ म्हणाले. आलेल्या फाइलीत सगळ्यांचे चेहरे आडवे फुगलेले आणि ओवाळणाऱ्या हातांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. आपल्याकडची डीव्हीडी ७२० बाय ५७६ ची. तिला ताणून मोठं केलं तरी नवा तपशील येत नाही. चित्र ४:३ चं असेल तर ते १६:९ मध्ये ओढायचं नसतं. आणि चित्राची प्रत्येक चौकट (फ्रेम) दोन अर्ध्या भागांत साठवलेली असते, ते भाग आधी जुळवावे लागतात, त्याला डीइंटरलेस म्हणतात. ते न करता चित्र मोठं केलं की रेघा पक्क्या बसतात, मग निघत नाहीत. हँडब्रेकमध्ये फिल्टर्सखाली डीइंटरलेस चालू करा आणि ‘बॉब’ निवडा, हालचाल सेकंदाला ५० चौकटींची, जुन्या टीव्हीसारखी सलग दिसते. तयार सेटिंगमध्ये ३० चौकटींची मर्यादा असेल तर ती काढा. दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, २० च्या आसपास ठेवा.

तरीही घरात संगणक नसेल, किंवा शंभरेक डिस्क असतील, तर एमजी रोड किंवा कॅनडा कॉर्नरला खुशाल चौकशी करा. खालच्या बाजूला ओरखडे असतील तर पॉलिशचं मशीन ज्याच्याकडे आहे त्याचा उपयोगही होतो. डिस्कच्या आतल्या, रेकॉर्डिंग असलेल्या थराचा रंगच उतरला असेल तर मात्र पॉलिशने काही होत नाही. काम देण्याआधी ‘आयएसओ पण द्याल का?’ एवढं विचारा आणि एका डिस्कचा नमुना घरी आणून टीव्हीवर बघा. नाचाचा प्रसंग लावा, रेघा असल्या तर तिथे लगेच कळतात.

दोन-चार डिस्कच असतील तर यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन किंवा कुणाचा मागून घरीच बसा. सुरुवात फोटोचा स्टिकर असलेल्या डिस्कपासून करा, आणि त्यातही संचातली शेवटची आधी.