उंदराचा पिंजरा आठ महिने वापरला, त्याचा अनुभव

जूनमध्ये पिंजरा घेतला, आता फेब्रुवारी चालू आहे. घेतल्यावर पहिल्या पंधरा दिवसातच मी गल्लीत सगळ्यांना "लै भारी वस्तू, घ्याच" म्हणून सांगत सुटलो होतो, त्यातलं निम्मं आता मागं घ्यायचंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं घर कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीकडं, मागं जेमतेम अर्ध्या गुंठ्याची परसबाग. चिकू, पेरू, लिंबू, कढीपत्ता, आईचं अळू, आणि माझी टोमॅटो, वांगी, रताळी. उंदीर पहिल्यापासनं होतेच पण गेल्या वर्षी कहर झाला, रताळी उपटून बघावी तर आतनं पोकळ, टोमॅटो पिकायच्या आदल्या रात्री बरोबर एक चावा घेऊन टाकलेला. एक अख्खा खाल्ला तर माणूस समजून घेईल, दहा टोमॅटोंना एकेक चावा म्हणजे काय.

तेव्हा सगळे करतात तेच मीपण केलं. आधी तो चिकट पुठ्ठा आणून ठेवला. सकाळी त्यावर एक पाल आणि दयाळाचं पिल्लू. खायचं तेल लावलं की तो गोंद सुटतो, हे त्या दिवशी कळलं, बायको आणि मी अर्धा तास शेंगतेल चोळत बसलो होतो, पिल्लू फांदीपर्यंत गेलं एवढं बघितलं, पुढचं माहीत नाही. मग विषाच्या वड्या. त्या औषधानं रक्त गोठायचं बंद होतं, उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस आतल्या आत रक्त जाऊन मरतो, आणि तसला अर्धमेला उंदीर मांजरानं नाहीतर घुबडानं खाल्ला तर त्यांच्याही पोटात विष. समोरच्यांचा बोका त्याच आठवड्यात गेला. तुमच्यामुळं गेला असं कुणी म्हणालं नाही, पण माझ्या डोक्यातनं ते जाईना. उरलेल्या वड्या बंद केल्या आणि लक्ष्मीपुरीतनं हा जाळीचा पिंजरा आणला, ३८० रुपये.

आता पिंजऱ्याबद्दल. लाकडी पण मिळतो, आकड्याला भजं लावायचं, ओढलं की दार धाडकन पडतं. मी घेतलेला तारेचा आहे, आत पत्र्याची पट्टी, तिच्यावर पाय पडला की दार पडतं. पहिल्या सहा रात्री काही म्हणजे काही सापडलं नाही. खोबरं जसंच्या तसं. मला वाटलं फसलो. नंतर समजलं की उंदीर नवीन वस्तूला लै घाबरतो, रोजच्या वाटेत काही वेगळं दिसलं की चार दिवस तिकडं फिरकतच नाही. मग दार तारेनं उघडं बांधून ठेवलं, आत रोज खायला ठेवलं, खाऊ दे म्हटलं बिनधास्त. पाचव्या दिवशी तार सोडली आणि त्याच रात्री दोन तासात एक आत. दुसरी गोष्ट जागेची. मी आधी बागेच्या मधोमध ठेवत होतो. उंदीर मोकळ्यातनं पळत नाही, भिंतीला अंग घासत जातो, त्यामुळं पिंजरा भिंतीला चिकटून ठेवायचा. आणि आमिष म्हणाल तर चपातीचा तुकडा, गूळ, सुकट सगळं करून बघितलं, पण वाटणासाठी भाजलेल्या खोबऱ्याला तोड नाही, कोल्हापूरचे उंदीर शेवटी.

तक्रारी पण आहेत. आपल्याकडचा पाऊस त्या पत्र्याला झेपत नाही, ऑगस्टपर्यंत पट्टी गंजली आणि उंदीर आत येऊन निवांत खाऊन बाहेर जायला लागला. शिलाई मशीनचं तेल टाकलं की महिनाभर चालतं. दाराची कड धारदार आहे, एकाची शेपटी अडकून सोललेली बघितली, तेव्हापासनं कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलीय. हे बनवणाऱ्यांनीच करायला पाहिजे होतं, दहा रुपयाचं काम.

पिंजरा लावला की पहाटे बघायलाच पाहिजे, त्यात आळस नाही. ऊन आलं की आतला जीव तडफडतो. मी वरनं गोणपाट टाकतो, अंधार झाला की तो शांत होतो, आणि काकडीची एक फोड ठेवतो म्हणजे पाण्याची सोय. हातमोजे घालायचे, उंदराच्या मुतातनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, पावसाळ्यात तर जास्तच, आणि नंतर ब्लीचच्या पाण्यानं पिंजरा धुवायचा. सकाळी ऑफिसला पळणाऱ्या माणसाला हे रोज जमेलच असं नाही. ज्या रात्री जमणार नसेल त्या रात्री दार बांधून टाकायचं.

आठ महिन्यात एकूण १९ सापडले. त्यात ११ उंदीर, ७ चिचुंद्र्या आणि एक खार. चिचुंद्रीबद्दल खास सांगायचं म्हणजे ती उंदीर नव्हेच. ती झुरळं, किडे, अळ्या खाते, म्हणजे बागेत आपल्याच बाजूची. पण वास सुकट-खोबऱ्याचा आला की शिरते आत. तिला सारखं खायला लागतं, फार वेळ उपाशी राहिली तर मरते. माझी पहिली चिचुंद्री तशीच गेली, रविवार होता, मी साडेनऊला उठलो. त्यानंतर सुकट बंद केली, तर चिचुंद्र्या कमी झाल्या. सापडलीच तर तिथल्या तिथं दार उघडायचं, वास मारते म्हणून लांब नेत बसायचं नाही.

आता खरा घोळ. पकडला, पुढं काय?

मोठा भाऊ म्हणाला कळंब्याला नेऊन सोड, जेल हाय तिथं, चोराची जागा तीच. हसण्यावारी गेलं पण पहिले तीन मी कळंबा तलावाच्या बाजूलाच सोडले. चौथा गाडीवरनं पुढं नेऊन उसाच्या कडेला सोडत होतो तर शेतमालक बांधावर उभा. "पाव्हणं, काय करालाय?" म्हटलं उंदीर सोडतोय. "मग आमच्या उसात कशाला? आमी काय मांजरं पाळल्यात व्हय?" काय बोलणार, माणूस बरोबरच होता. पिंजरा तसाच उचलून परत. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला आणि उंदीर अकरा वाजेपर्यंत गाडीच्या डिकीजवळ लटकत होता, त्यात दया कुठली.

मग जवळच, गल्लीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर सोडायला लागलो. एकाच्या शेपटीला बायकोचं नेलपॉलिश लावलं, गुलाबी. चौथ्या दिवशी तोच गुलाबी शेपटीवाला पिंजऱ्यात, खोबरं खाऊन झोपलेला. म्हणजे जवळ सोडला तर परत येतो. आणि लांब सोडला तर त्याला तिथं बीळ माहीत नाही, खाणं कुठं ते माहीत नाही, तिथले उंदीर हाकलतात, मांजर-घारी टिपतात, बहुतेक मरतातच. शिवाय मादी नेली तर तिची पिल्लं इकडं बिळात उपाशी. मी तीन महिने छाती फुगवून फिरत होतो की आपण कुणाला मारत नाही, आणि फक्त मरायची जागा बदलत होतो.

त्यात गणपती आले. आईनं सांगितलं, घरात गणपती असताना पिंजरा लावायचा नाही, मी म्हटलं बरं. लावायला काही नाही म्हणून त्या सुट्ट्यांमध्ये मी रात्री टॉर्च घेऊन नुसता बसून बघितलं की हे येतात कुठनं आणि कशाला येतात. हे मी जूनमध्येच करायला पाहिजे होतं. ते टोमॅटोसाठी येतच नव्हते. येत होते माझ्या कंपोस्टच्या ड्रमाकडं, ज्याला खालनं हवेसाठी मीच मोठी भोकं पाडलेली, आणि आईनं चिमण्यांसाठी टाकलेल्या तांदळाकडं, जो संध्याकाळी निम्मा शिल्लक असायचा. टोमॅटो म्हणजे जेवणानंतरची सुपारी.

ड्रमला खालनं अर्ध्या इंचापेक्षा बारीक वेल्डेड जाळी लावली, शिजलेलं अन्न त्यात टाकणं बंद. उंदराला जेमतेम अर्धा इंच फट पुरते, पिल्लाला आणि छोट्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी, त्यामुळं पाइपांच्या बाजूची भोकं भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरनं सिमेंट. तांदूळ आई सकाळीच टाकते, मूठभरच, उरला तर झाडून घेते (यावर घरात दोन दिवस अबोला होता). भिंतीला लावलेल्या विटा आणि नारळाच्या झावळ्या हलवल्या. जाळी, सिमेंट धरून ९०० रुपयाच्या आसपास खर्च. दिवाळीपर्यंत फरक दिसला, मग नोव्हेंबरमध्ये तिकडं ऊसतोड सुरू झाली आणि फडातले उंदीर घराकडं सरकले तेव्हा वाटलं आता परत तेच, पण दोन-तीन रात्री फिरून गेले, काही मिळालं नाही, गेले.

घुशीचं वेगळं. ती या पिंजऱ्यात मावतच नाही. चिकूच्या बुडात ढिगारे घालत होती. कुणी म्हणालं बिळात पाणी सोडा, कुणी मिरचीचा धूर. आत पिल्लं असतील तर काय, म्हणून मी बिळाच्या तोंडाला वाळकी पानं नुसती सैल कोंबायचो. सकाळी उडवलेली दिसली की घूस आत आहे. तीन दिवस पानं हलली नाहीत तेव्हा बीळ बुजवलं आणि रताळ्याच्या वाफ्याभोवती जाळी फूटभर खोल पुरली, खालचं टोक बाहेरच्या बाजूला वाकवून, म्हणजे उकरायला लागली की जाळीच लागते. कंबर दोन दिवस धरली होती पण रताळी यंदा पहिल्यांदा घरात आली.

मध्ये आवाजाचं ते प्लगमध्ये लावायचं यंत्र पण ७९९ ला घेतलं होतं. त्याच्यावर बसून उंदीर बघितलाय मी. एवढंच.

ऑक्टोबरात कंपाउंडला धामण दिसली. शेजारी काठी घेऊन धावले, त्यांना थांबवलं, विषारी नाही, उंदीर खाते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मारता येत नाही. सर्पमित्राला फोन केला तर तो म्हणाला घरात शिरली तर बोलवा, नाहीतर राहू दे की. राहिली काही दिवस. आई तेवढे दिवस मागच्या दारानं गेली नाही.

तर पिंजऱ्याला माझे पाचपैकी तीन. घरात शिरलेला एकटा-दुकटा उंदीर दाराबाहेर काढायला उत्तम, बागेतल्या उंदरांवर उपाय म्हणून घेत असाल तर आधी रात्री टॉर्च घेऊन बसा. डिसेंबरपासनं माझा रिकामाच पडून होता, आता मागच्या गल्लीतल्या काकूंनी नेलाय. पहिले चार दिवस दार बांधून ठेवा, सुकट लावू नका, सगळं सांगितलं होतं. काल सकाळी सातला फोन आला, "अरे, चिचुंद्री घावलीय रे, लै ओरडालीय, तू ऑफिसला जाताना घेऊन जा की." म्हटलं काकू, मी येईपर्यंत थांबू नका, आधी दार उघडा.